इंग्रजी परीक्षेचा निबंध : आधी बेत, मग कात्री

कापड विकणाऱ्याने इंग्रजीच्या परीक्षेविषयी लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. त्यातून माझे सारे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. इंग्रजीची मुळाक्षरे आमच्या वाट्याला पाचवीत आली. (महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकविण्यास २००० साली सुरुवात झाली, तोवर आम्ही गल्ल्यावर बसलो होतो.) दहावीपर्यंत जे काही शिकलो ते सुरत-अहमदाबादच्या बिलांवरील मजकूर वाचण्यापुरते कामी आले. तरीही व्यापाराच्या पानासाठी हा विषय घेतो, कारण आमच्या हिंगणघाट, वर्धा, आर्वी, पुलगावकडील पुष्कळ कुटुंबांच्या जमाखर्चात हा आता एक ठळक खर्च होऊन बसला आहे, आणि तो बऱ्याचदा बुडीत खाती जातो हे मी घरातच पाहिले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी परिचारिका आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून तिने तीन वर्षे रुग्णालयात काम केले. तिला ब्रिटनला जावयाचे आहे. तेथे नोंदणी करणारी जी परिचारिकांची परिषद आहे, ती इंग्रजीच्या ज्या परीक्षा मानते त्यांपैकी एक आयईएलटीएस. तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे चार भाग असतात आणि प्रत्येकाला ० ते ९ पर्यंत श्रेणी मिळते. परिषदेला ऐकणे, वाचणे व बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ हवेत. पूर्वी लिहिण्यालाही ७ च लागत. २०१८ च्या अखेरीस परिषदेने ते अर्ध्याने खाली आणले. साऱ्या जगातून येणाऱ्या परिचारिका याच एका भागावर अडतात हे परिषदेला दिसले असावे, असे मी समजतो. भाचीला पहिल्या खेपेस बाकी तिन्ही भागांत ७ किंवा त्याहून अधिक मिळाले, लिहिण्यात मात्र ५.५. दुसऱ्या खेपेस ६. म्हणजे गाडी फलाटावर आली आणि दार उघडलेच नाही.

आता हिशेब मांडू. एका वेळची फी सतरा हजारांच्या पुढे. ती दोनदा भरली. शिकवणीचे पैसे निराळे, राहण्या-खाण्याचे निराळे. तिचे वडील आर्वीत शिलाईचे काम करतात. एका शर्टाच्या शिलाईत काय सुटते हे मला ठाऊक आहे, कारण कापड माझ्याकडून जाते. हा पैसा किती शर्टांचा झाला हे मी आपाला सांगितले नाही, पण मनात मोजून पाहिले.

शिकवणीत काय दिले, असे मी भाचीला विचारले तेव्हा तिने एक जाड चोपडी पुढे ठेवली. साठ तयार निबंध. पर्यावरणावर एक, तंत्रज्ञानावर एक, शहरीकरणावर एक. शिवाय एक कोरा साचा, ज्यात सुरुवातीची व शेवटची वाक्ये छापलेली आणि मध्ये गाळलेल्या जागा. विषय कोणताही येवो, गाळलेल्या जागा भरल्या की निबंध तयार. शहर कोणते, शिकवणी कोणाची, हे येथे सांगत नाही. असा माल आता सर्वत्र विकला जातो. आमच्या धंद्यात याला तयार कपडा म्हणतात. तयार कपडा वाईट नसतो, पण तो ज्याच्या अंगावर बसायचा त्याच्याच बसतो. इथे परीक्षक दर वेळी वेगळ्या मापाचा माणूस उभा करतो.

या परीक्षेत लेखनासाठी ६० मिनिटे असतात आणि दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिल्यास निदान १५० शब्द, दुसऱ्यास निदान २५०. दुसरा प्रश्न म्हणजे निबंध, आणि त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट धरले जाते. म्हणून पहिल्यास २० व दुसऱ्यास ४० मिनिटे द्यावीत असे प्रश्नपत्रिकाच सांगते. तपासताना चार गोष्टी सारख्या वजनाने पाहतात. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले काय; मुद्दे एकामागून एक नीट लागले काय; शब्द योग्य व पुरेसे आहेत काय; आणि व्याकरण. हे निकष परीक्षा घेणाऱ्यांनी छापून जाहीर केले आहेत, फुकट मिळतात. भाचीने ते दोन्ही खेपांत एकदाही वाचले नव्हते. तिला ते कोणी दाखविले नव्हते. ज्या दुकानात गिऱ्हाइकाला मीटरपट्टी दाखवीत नाहीत त्या दुकानाविषयी काय समजावे, ते वाचकांनी ठरवावे. पाठ केलेले उत्तर ओळखण्याचे शिक्षण परीक्षकांना दिलेले असते आणि तसे उत्तर खालच्या श्रेणीत टाकावे असेही त्याच निकषांत आहे. म्हणजे चोपडीला दिलेले पैसे गुण कमी करून घेण्यासाठी दिले, असाच त्याचा अर्थ होतो.

परंतु सारा दोष शिकवणीवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. त्या चोपडीला गिऱ्हाईक मिळते याचे कारण आमच्याच शाळांत आहे. उर्दू शाळेत आम्ही मजमून लिहीत असू. आधी तमहीद, मग नफ्से-मजमून, शेवटी खात्मा. तमहीद जितकी लांब आणि नटवी तितके उस्ताद खूश. पाण्यावर मजमून असेल तर पहिले पान सृष्टीच्या निर्मितीवर जाई, मध्ये दोन शेर पडत, आणि नळाला पाणी का येत नाही ही गोष्ट शेवटच्या चार ओळींत उरकली जाई. मराठी शाळेत शिकलेले माझे मित्र सांगतात की त्यांच्याकडेही निराळे नव्हते. शेरांऐवजी सुभाषित, एवढाच फरक. निबंधाची वही मार्गदर्शकातून उतरवायची, ‘मी पंतप्रधान झालो तर’ पाठ करायचे आणि परीक्षेत ‘मी मुख्याध्यापक झालो तर’ आले तर घाम फुटायचा. त्या मजमूनचा मला राग नाही. त्यामुळेच आज चार ओळी नीट लिहिता येतात. परंतु तो नक्षीचा माल होता. परदेशातील परीक्षक मागतो तो साधा, पक्क्या विणीचा माल. आपले मत काय, ते का, आणि त्याचा दाखला काय. एवढेच.

गंमत अशी की व्यापाऱ्याला हे लेखन रोजचे आहे. सुरतेच्या पेढीला मी पत्र लिहितो तेव्हा तमहीद बांधीत नाही. बिल्टी अमुक तारखेची मिळाली, गाठीत दोन थान कमी निघाले, एका थानाचा पन्हा नमुन्यापेक्षा दोन इंच आखूड आहे, सबब इतकी रक्कम वजा करावी. पहिल्या ओळीत विषय, नंतर कारण, नंतर पुरावा, शेवटी मागणी. असे पत्र लिहिणारा आठवी नापास मुनीमही मी पाहिला आहे आणि त्याच्या पत्राला उत्तर येत असे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जात होते. तो माल येथून तेथवर गेला त्यामागेही अशीच कोरडी पत्रे असणार.

तेव्हा मी भाचीला म्हटले, “बेटी, तू चोपडी बंद कर. मला मजमून नको, तक्रारीचे पत्र लिहितेस तसे लिही.”

ती म्हणाली, “मामू, असं तर तिथं कोणी शिकवलंच नाही.”

तिला पहिला विषय मी दिला, आणि तो माझ्या पोटावर येणारा होता. लहान दुकाने बंद पडून त्यांची जागा मोठी दुकाने व घरपोच माल देणाऱ्या कंपन्या घेत आहेत. याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत काय? या परीक्षेत अशा धर्तीचे प्रश्न येतात. तिने लिहायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांनी मी कागद पाहिला. पहिल्या वाक्यात जागतिकीकरणाचे युग होते, दुसऱ्यात मानवजात, तिसऱ्यात दुधारी तलवार. चाळीस शब्द झाले होते आणि दुकान अजून उघडले नव्हते. हे सारे साच्यातले. ही दुधारी तलवार जगभर किती उत्तरांत उपसली जात असेल!

मग आम्ही बिलाच्या कोऱ्या पाठीवर बेत केला. बेतणे हा आमचा शब्द. शिंपी कापडावर खडूने रेघा मारतो, पन्हा पाहतो, बाही कोठून निघेल व कॉलर कोठून हे ठरवितो, तेव्हा कात्री हातात घेतो. ज्याने आधी कात्री चालविली त्याचे कापड वाया जाते आणि तो दोष कापडाला देतो. निबंधाच्या ४० मिनिटांतील पाच ते सात मिनिटे या खडूच्या रेघांना द्यावीत असे माझे मत आहे. मुलांना ही मिनिटे फुकट गेल्यासारखी वाटतात. बाजूचा उमेदवार खाडखाड कळा दाबीत असतो आणि आपण कागदाकडे पाहत बसलो आहोत, याची भीती वाटते. ती भीती गिळावी लागते. बेत झालेला असला की लिहायला अर्धा तास पुरतो आणि तपासायला चार मिनिटे उरतात.

बेतात पहिली गोष्ट, प्रश्नाचे तुकडे करणे. नेमके काय विचारले आहे? फायदे-तोटे नुसते सांगायचे आहेत की कोणते जास्त ते ठरवायचे आहे? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्यायचे आहे की केवळ सहमत-असहमत? काही प्रश्नांत दोन निरनिराळे प्रश्न असतात, कारण काय आणि उपाय काय. एक तुकडा राहून गेला की पुढचे इंग्रजी कितीही चांगले असो, पहिल्या निकषात मार बसतो. भाचीच्या ५.५ चे मूळ मला येथेच दिसले. तिने सोडविलेल्या जुन्या सरावाच्या सात उत्तरांपैकी पाचांत तिचे स्वतःचे मतच नव्हते. साच्यात मताची जागा गाळलेली नव्हती ना!

दुसरी गोष्ट, मत ठरविणे. येथे आमचा वाद झाला. तिने ठरविले की फायदे जास्त आहेत. मामाच्या दुकानाचे मीठ खाऊन मुलगी असे म्हणते याचे मला क्षणभर वाईट वाटले हे कबूल करतो. परंतु परीक्षक मत तपासीत नाही, मताला आधार आहे काय ते तपासतो. मी म्हटले, कारण सांग. ती म्हणाली, भाव उघड दिसतात, निवड जास्त, आणि रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला दुकाने उघडी असताना वेळ नसतो. हे शेवटचे कारण तिच्या स्वतःच्या आयुष्यातले होते. साठ निबंधांच्या चोपडीत ते कोठेही नव्हते. प्रश्नाखालीच सूचना असते की आपल्या माहितीतील अथवा अनुभवातील उदाहरणे द्या. मुले ती वाचतात आणि अमेरिकेतील कुठल्यातरी विद्यापीठाचे कधी न झालेले संशोधन मनाने रचून लिहितात, तेही टक्केवारीसह. रात्रपाळी खरी असताना खोटे टक्के कशाला?

मग तोट्याची बाजू आली. तेथे मी तिला उधारीचे सांगितले. आमच्याकडील शेतकरी पेरणीच्या दिवसांत पोरांचे गणवेश नेतो आणि दिवाळीनंतर कापूस विकला की पैसे देतो. मधले चार-पाच महिने ते खतावणीत असतात. घरपोच माल देणारी कंपनी त्याच्या कापसाची वाट पाहील काय? हप्ते देईल, पण ज्याच्या बँकेच्या पुस्तकात दरमहा पगार पडतो त्याला. भाचीने हा मुद्दा घेतला, आणि तरीही मत तेच ठेवले : शहरातील व पगारदार माणसासाठी फायदे जास्त, आणि असे लोक वाढत आहेत. मला ते पटले नाही. परंतु उत्तर म्हणून ते पक्के होते. बिलाच्या पाठीवर सहा ओळी झाल्या होत्या : एका ओळीत मत, दोन कारणे, प्रत्येकाखाली एक दाखला, आणि उधारीचा तोटा. त्या सहा ओळींतून तिने २७० शब्द लिहिले. पहिला परिच्छेद दोन वाक्यांचा. तलवार नाही.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण शिकवणीवाले याच्या उलट सांगतात. ते म्हणतात, विचारही इंग्रजीतच करा. मी म्हणतो, बेत कोणत्याही भाषेत करा. कच्च्या कागदावर काय लिहिले ते कोणी तपासीत नाही. भाची उजवीकडून डावीकडे उर्दूत टिपणे करते, आणि कारणे तिला भराभर सुचतात. इंग्रजीत बेत करताना तिला तेवढीच कारणे सुचत ज्यांचे शब्द तिला येत. निबंधातील वाक्ये मात्र थेट इंग्रजीत रचावीत; उर्दू वाक्याचा तर्जुमा करू गेले की क्रियापद शेवटी जाते आणि ‘कि’ला ‘कि’ जोडीत वाक्य मैलभर लांबते. मातृभाषेत विचार केल्याने माणूस मागे पडतो हे वर्ध्याच्या माणसाने तरी मान्य करू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची जी योजना आखली तिच्यात सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असे होते. झाकिरसाहेब स्वतः जर्मनीत शिकून आलेले आणि पुढे राष्ट्रपती झालेले. त्यांना परक्या भाषेची किंमत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

व्याकरणाकडे वळतो, थोडक्यात. येथे आमच्या मुलांच्या चुका ठरलेल्या आहेत. मराठीत नाही, उर्दूतही नाही असा ‘द’ इंग्रजीत आहे; तो हवा तेथे गळतो आणि नको तेथे पडतो. एकवचनी कर्त्यामागून क्रियापदाचा ‘एस’ गळतो. अनेकवचनाचाही गळतो. मी भाचीला चुकांची खतावणी घालायला लावली. प्रत्येक चुकीचे स्वतंत्र खाते, तारीखवार नोंद. तीन आठवड्यांनी बाकी काढली तेव्हा निम्म्याहून जास्त रक्कम दोनच खात्यांवर निघाली, ‘द’ आणि क्रियापदाचा ‘एस’. आता शेवटच्या चार मिनिटांत ती सारा निबंध पुन्हा वाचीत नाही. या दोन थकबाकीदारांना तेवढे शोधते. अवघड शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा या वसुलीत जास्त लाभ आहे असे मला वाटते. कोशातून काढलेला भारी शब्द चुकीच्या जागी बसला की तो साध्या सुती सदऱ्यावर लावलेल्या जरीच्या खिशासारखा दिसतो.

पहिल्या प्रश्नाविषयी. परदेशी विद्यापीठासाठी अथवा परिचारिकांसारख्या नोंदणीसाठी जी शैक्षणिक पद्धतीची परीक्षा असते, तिच्यात तक्ता किंवा आलेख देऊन त्याचे वर्णन करायला सांगतात. (नोकरी वा स्थलांतरासाठीच्या सर्वसाधारण पद्धतीत त्याऐवजी पत्र असते.) याच्या सरावासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. वर्तमानपत्रातील बाजारभाव कापून घ्यावेत. हिंगणघाटच्या कापूस बाजाराचे आठ दिवसांचे किमान व कमाल दर मांडले की झाला आलेख. मग एका वाक्यात सांगा, एकंदरीत काय घडले : भाव चढले, उतरले की स्थिर राहिले? त्यानंतर ठळक आकडे. मुले येथे प्रत्येक आकडा लिहीत सुटतात आणि एकंदरीत काय झाले हे सांगायचे राहते. बाजारातून आलेल्या माणसाला घरी ‘भाव काय?’ म्हणून विचारले तर तो आठ दिवसांचे सोळा आकडे म्हणून दाखवितो काय? आणि कारणे देऊ नयेत. भाव पावसामुळे पडले असतील, सरकारमुळे पडले असतील. तक्त्यात नाही ते लिहायचे नाही. कापसाच्या भावाविषयी कारणे न देता बोलणे आमच्याकडील माणसाला फार जड जाते, हे मान्य.

आता पैशाच्या बाजूने काही गोष्टी. या परीक्षेचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. तेव्हा परदेशी जाण्याचे ठरलेले नसताना उगाच देऊन ठेवू नये. तो माल कपाटात टिकत नाही. नियमही फिरत असतात. कॅनडाने ६ श्रेणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी जलद व्हिसाचा जो मार्ग ठेवला होता तो ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद केला. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसाची अट ५.५ वरून ६ वर नेली. टोफेल नावाची जी अमेरिकन परीक्षा आहे, तिच्यातील अर्ध्या तासाचा निबंध जुलै २०२३ मध्ये काढून दहा मिनिटांचे चर्चात्मक लेखन आणले गेले. त्या निबंधांची जुनी पुस्तके अजून विकली जात आहेत. घेणाऱ्याने वर्ष पाहून घ्यावे. परिचारिका व डॉक्टरांसाठी ओईटी म्हणून स्वतंत्र परीक्षा आहे. तिच्यात निबंधाऐवजी रुग्णाच्या नोंदी देऊन त्यावरून पत्र लिहायला सांगतात. सेवाग्राम-सावंगीच्या रुग्णालयांत काम केलेल्या मुलींना ते जवळचे वाटेल, पण फी जास्त आहे. आयईएलटीएसमध्ये एकच भाग पुन्हा देण्याची सोयही अलीकडे झाली आहे. ज्या संस्थेकडे अर्ज करायचा ती अशी गुणपत्रिका मान्य करते काय, हे फी भरण्याआधी विचारावे.

सल्ला देणाऱ्या कचेऱ्यांविषयी एवढेच सांगतो की त्यांतील पुष्कळांना परदेशी विद्यापीठांकडून आडत मिळते. आडत घेणे गुन्हा नाही, आम्हीही देतो-घेतो. परंतु ज्याला आडत विकणाराकडून मिळते तो माल कोणाचा दाखवील, हे व्यापारी कुटुंबातील मुलांना सांगावे लागू नये.

कर्जाची अडचण निराळी आहे. परदेशी शिक्षणाचे कर्ज प्रवेशाच्या पत्रावर मिळते, आणि प्रवेशाचे पत्र परीक्षेच्या गुणांवर. म्हणजे परीक्षेचा खर्च नेहमी पदरचाच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेस’ योजना २०१३ मध्ये सुरू झाली होती. २०२२-२३ पासून तीही बंद झाली. तेव्हा आमच्यातील जे चार पैसे बाळगून आहेत त्यांनी एवढे तरी करावे : फी उसनी द्यावी, आणि त्याआधी मुलाचा सराव पाहावा. मी स्वतः आता असे ठरविले आहे की घड्याळ लावून लिहिलेले दहा निबंध दाखविल्याशिवाय फीसाठी उसने पैसे द्यायचे नाहीत. काही जणांना हे कठोर वाटले. एक बाप रागावून गेलेही. पण बयाणा देण्यापूर्वी नमुना पाहण्याची रीत आम्ही सोडलेली नाही, येथे का सोडावी?

सरावाला शिकवणीच लागते असेही नाही. केंब्रिजच्या छापखान्याकडून नमुना प्रश्नपत्रिकांची पुस्तके १९९६ पासून क्रमाने निघत आहेत. त्यांच्या शेवटी उमेदवारांची उत्तरे, त्यांना पडलेली श्रेणी आणि परीक्षकाचा शेरा असतो. अशी ५.५ ची उत्तरे वाचावीत. सात-आठ श्रेणीच्या उत्तराने मन खचते, ५.५ च्या उत्तरात आपलाच चेहरा दिसतो. परीक्षा आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होत असल्याने टंकलेखनाचा हात हवा. उर्दू आणि मराठी माध्यमातील मुले येथे अडतात, भाषेत नव्हे. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी लिहिणे वेगळे आणि ४० मिनिटांत २५० शब्द कळफलकावर उतरविणे वेगळे. आणि तपासून द्यायला कोणी हवे. आमच्या गावांत निवृत्त इंग्रजीचे शिक्षक आहेत. त्यांना कोणी विचारीत नाही. विचारले तर ते येतात, चहावर येतात.

दोन वेळा नापास झाल्यासारखे वाटून भाची खचली होती तेव्हा मी तिला गांधीजींचेच सांगितले. बॅरिस्टर होण्यासाठी गेलेले असताना त्यांनी लंडनची मॅट्रिक दिली आणि पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा अभ्यास करून बसले, उत्तीर्ण झाले. ती म्हणाली, “त्यांना फी किती होती, मामू?” हे मला सांगता आले नाही.

माझ्या दुकानाच्या माडीवर गणवेशाचा माल ठेवतो. हंगाम संपला की ती जागा रिकामी असते. सध्या तेथे रविवारी सायंकाळी चार मुले बसतात : भाची, एक अभियंता, एक औषधनिर्माणशास्त्र झालेला आणि एका गिऱ्हाइकाची मुलगी. एक निवृत्त मास्तर आर्वी नाक्याकडून पायी येतात. विषय ते देतात, घड्याळ माझ्याकडे असते. भाचीची तारीख पुढील महिन्यात आहे, केंद्र नागपूरचे. मागच्या रविवारी ४० मिनिटे झाली तेव्हा अभियंत्याचे शेवटचे वाक्य अर्धे राहिले होते. त्याने आणखी दोन मिनिटे मागितली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी कागद उचलून घेतला.